ग्लोव्हज कोणाच्या हातात?

१ जानेवारी १९६० रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी सुरू झाली, तेव्हा भारताच्या यष्टीमागे वीस वर्षांचा एक नवा मुलगा उभा होता. बुधिसागर कृष्णप्पा कुंदरन. जन्म कर्नाटकातल्या मुल्कीचा, वाढला मुंबईत. रणजी करंडकाचा एकही सामना त्याच्या नावावर नव्हता. कसोटीच्या दर्जाचे स्वतःचे ग्लोव्हजही नव्हते. त्या दिवशी त्याने घातलेले ग्लोव्हज नरेन ताम्हाणे यांचे होते, म्हणजे ज्यांना वगळून त्याला घेतलं होतं त्यांचेच.

ताम्हाण्यांना का वगळलं? जेमतेम आठवड्यापूर्वी, २४ डिसेंबरला, भारताने कानपूरला ऑस्ट्रेलियाला प्रथमच कसोटीत हरवलं होतं. जसू पटेल यांनी त्या सामन्यात १४ बळी घेतले होते. वळणाऱ्या, खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर त्यांच्या ऑफब्रेक गोलंदाजीला यष्टीमागे उभे होते ताम्हाणे. जिंकलेल्या संघात सहसा कुणी हात घालत नाही. पण लाला अमरनाथ यांच्या निवड समितीने नेमका यष्टिरक्षक बदलला.

मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं जे वाद रंगले, त्यातला सगळ्यात चिवट वाद हा आहे. सलामीला कोण, पाचव्या क्रमांकावर कोण, तिसरा फिरकी गोलंदाज घ्यायचा की नाही, या प्रश्नांना तडजोडीची वाट असते. सलामीवीराला मधल्या फळीत खेळवता येतं, दोन फिरकी गोलंदाज दोन टोकांनी टाकू शकतात. यष्टिरक्षक मात्र एकच. कफ परेडच्या मच्छीमार नगरातून समुद्रात गेलेल्या बोटीवर खलाशी कितीही असोत, सुकाणू तांडेलाच्याच हाती असतं, तसंच हे. दुसरा कितीही चांगला असला तरी त्याला बाहेर बसून बघावं लागतं, आणि बसलेला माणूस आपली लायकी सिद्ध कशी करणार?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची जागा अशीच असते. चेंडू प्रत्येक वेळी त्याच्याच हातात येतो, डाव त्यानेच उलगडायचा असतो, आणि मैदानावर तो एकच असतो. १९९९ साली मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक लॉइड कार यांच्यापुढे टॉम ब्रेडी आणि ड्रू हेन्सन असे दोन दावेदार होते. ब्रेडी शेवटच्या वर्षातला, हेन्सन त्याच्याहून लहान आणि गाजावाजा झालेला. कारांनी जागेची वाटणीच करून पाहिली. पहिल्या सत्राला ब्रेडी, दुसऱ्याला हेन्सन, आणि मध्यंतरात ठरवायचं की उरलेला सामना कोण खेळणार. हंगामाचे पहिले सात सामने असे गेले. मग ब्रेडीवरच शिक्कामोर्तब झालं. तरीही पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा ब्रेडीचं नाव १९९वं आलं. ज्याला कॉलेजात पूर्ण सामना मिळत नव्हता तो पुढे त्या खेळातला सगळ्यात यशस्वी क्वार्टरबॅक ठरला. क्रिकेटमध्ये असली वाटणी करताच येत नाही. जायबंदी झाल्याखेरीज मधूनच यष्टिरक्षक बदलत नाहीत. त्यामुळे निवड समितीच्या खोलीत जे ठरतं तेच पाच दिवस पुरतं.

भारताने या जागेशी फार खेळ केला आहे. १९५२-५३ साली पाकिस्तानचा संघ पहिल्यांदा आला तेव्हा पाच कसोट्यांत चार यष्टिरक्षक खेळले. खोकन सेन, पद्मनाभ ऊर्फ नाना जोशी, राजिंदरनाथ आणि इब्राहिम माका. राजिंदरनाथांनी मुंबईच्या आपल्या एकमेव कसोटीत चार फलंदाजांना यष्टिचीत केलं. एका सामन्यात चार. त्यानंतर त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही. पदार्पणात शतक ठोकणाऱ्या फलंदाजाला कुणी असं विसरेल का?

ताम्हाणे आले ते या गोंधळानंतर. १ जानेवारी १९५५ला ढाक्यात त्यांची पहिली कसोटी झाली, आणि त्या पाकिस्तान दौऱ्यात त्यांनी १९ बळी टिपले, त्यात सात यष्टिचीत. समोरून लेगब्रेक आणि गुगली टाकत होते सुभाष गुप्ते. गुप्त्यांचा चेंडू हातातून सुटताना कुठे वळणार हे भल्याभल्या फलंदाजांना कळत नसे. ते यष्टिरक्षकाला कळणं ही पहिली अट होती.

यष्टिरक्षणाची खरी परीक्षा वेगवान गोलंदाजीला होत नाही. तेव्हा तो पंधरा-वीस पावलं मागे असतो, चेंडू दिसायला वेळ मिळतो, झेप घेता येते, आणि झेप प्रेक्षकांना दिसते. फिरकीला तो स्टंपला खेटून उभा राहतो. फलंदाजाची बॅट, पॅड आणि पाठ त्याच्या डोळ्यांसमोर येतात. लेगच्या बाजूला पडून आत वळणारा चेंडू तर काही क्षण दिसतच नाही. गोलंदाजाचं मनगट पाहून जे ताडलं असेल त्यावरच हात न्यायचे असतात. बसकण मारून बसायचं आणि चेंडू टप्पा घेईपर्यंत उठायचं नाही, कारण आधी उठलेल्याचे हात खाली यायला उशीर होतो. चेंडूच्या उसळीबरोबर ग्लोव्हज वर आले पाहिजेत, त्याच्याआधी नाही. आणि फलंदाजाचा पाय रेषेवरून उचलला गेला असेल, तर त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात बेल्स उडवायच्या.

हे ज्याला सहज येतं तो काहीच करत नाही असं वाटतं. ताम्हाण्यांबद्दल हीच तक्रार आणि हीच स्तुती होती. झेपा नाहीत, आरडाओरड नाही, चेंडू आपसूक हातात येऊन बसल्यासारखा. माझ्या मते त्या पिढीत स्टंपजवळ उभं राहून त्यांच्याइतकं नितळ काम करणारा भारतात दुसरा नव्हता. आकडे पाहिले तरी ते दिसतं. २१ कसोट्यांत ५१ बळी, त्यातले १६ यष्टिचीत, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. पण त्याच २१ कसोट्यांत बॅटने धावा फक्त २२५, सरासरी १०.२२. निवड समितीच्या टेबलावर दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा दिसतो, कारण धावा रोज वर्तमानपत्रात छापून येतात.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. डिसेंबर १९५८मध्ये कानपूरलाच गुप्त्यांनी वेस्ट इंडिजचे एका डावात १०२ धावांत नऊ बळी घेतले. दहावा लान्स गिब्ज. त्याचा झेल गुप्त्यांच्याच गोलंदाजीवर ताम्हाण्यांच्या हातून सुटला आणि शेवटी गिब्जला वसंत रांजणे यांनी बाद केलं. धावफलकात या सुटलेल्या झेलाला जागा नाही. यष्टिरक्षकाचं हे विचित्र आहे. त्याची चूक लोकांच्या स्मरणात राहते, कागदावर येत नाही. त्याचं चांगलं काम ना स्मरणात राहतं, ना कागदावर येतं. सोडलेला झेल पुढे ८० धावांना पडला की ८, हे नोंदवहीत नसतं. अवघड उसळीवरचा चेंडू अडवून चार बाइज वाचवल्या हेही नसतं. मग दोन यष्टिरक्षकांची तुलना कशाने करायची? उरतात धावा. वाद यष्टिरक्षकाचा असतो आणि निकाल फलंदाजीवर लागतो.

कुंदरन यांनी तो निकाल लगेच आपल्या बाजूने फिरवला. त्याच मालिकेत मद्रासला सलामीला येऊन त्यांनी ७१ धावा केल्या. भारताचा अख्खा डाव १४९चा होता. त्यांची फलंदाजी बेधडक होती. नवा चेंडू असो की जुना, चेंडू आहे म्हणजे मारायचा. रेल्वेकडून रणजीत पहिल्यांदा उतरले ते जम्मू-काश्मीरविरुद्ध, आणि त्याच सामन्यात द्विशतक झळकावलं. ताम्हाणे १९६०-६१च्या पाकिस्तान मालिकेनंतर कसोटी संघात दिसले नाहीत.

पण कुंदरन यांना जागा मिळाली असं समजायचं कारण नाही. कारण दादरच्या पारशी कॉलनीतून फारुख इंजिनिअर निघाले होते. माटुंग्याचं डॉन बॉस्को, मग पोदार कॉलेज. डिसेंबर १९५८मध्ये संयुक्त विद्यापीठ संघाकडून ते वेस्ट इंडिजविरुद्ध प्रथमश्रेणीत उतरले. आजच्या वाचकाला कॉलेजच्या संघातून थेट गार्फिल्ड सोबर्सच्या देशाच्या पाहुण्या संघापुढे उभं राहणं नवलाचं वाटेल. त्या काळी विद्यापीठ क्रिकेट हा कसोटी संघाचा जिना होता, आणि मुंबई विद्यापीठाच्या संघात जागा मिळवणं काही प्रांतांच्या रणजी संघात शिरण्यापेक्षा अवघड होतं. १ डिसेंबर १९६१ला कानपूरला इंग्लंडविरुद्ध त्यांचं कसोटी पदार्पण झालं. त्याआधीची मुंबईची कसोटी कुंदरन खेळले होते. पुढच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर दोघेही गेले आणि ग्लोव्हज कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे.

जानेवारी १९६४. इंग्लंडचा संघ मद्रासला आला. पहिली पसंती इंजिनिअर होते. ते आयत्या वेळी खेळू शकले नाहीत आणि कुंदरन सलामीला आले. पहिल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा ते १७० धावांवर नाबाद होते. १९२वर बाद झाले. दिल्लीला पुन्हा शतक. पाच कसोट्यांत ५२५ धावा. कुठल्याही देशाच्या यष्टिरक्षकाने तोवर एका मालिकेत पाचशे धावा केल्या नव्हत्या.

आणि त्यानंतर? त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध यष्टीमागे इंद्रजितसिंहजी आले. त्यानंतर न्यूझीलंडविरुद्ध इंजिनिअर. ५२५ धावांचा मानकरी बाहेर. ताम्हाण्यांना धावा नाहीत म्हणून काढलं, हे मला पटत नसलं तरी समजतं. कुंदरन यांना धावा असूनही काढलं, याला काय म्हणायचं? यष्टीमागे ते ताम्हाण्यांच्या तोडीचे नव्हते हे खरं. पण मग हा निकष १९६०च्या जानेवारीत कुठे होता? निकष कुठला का असेना, तो एकदा ठरवून खेळाडूला सांगितला तर तो त्याप्रमाणे तयारी करू शकतो. दर मालिकेला निकष बदलला की तिघांचंही नुकसान होतं. बाहेर गेलेल्याचं, आत आलेल्याचं, आणि ज्याला दर महिन्याला नव्या हातांशी जुळवून घ्यावं लागतं त्या गोलंदाजाचं.

शेवट मद्रासलाच लागला. १९६६-६७ साली सोबर्सचा वेस्ट इंडिज संघ आला तेव्हा पहिल्या दोन कसोट्या कुंदरन खेळले. ब्रेबॉर्नवर दुसऱ्या डावात त्यांनी ७९ धावा काढल्या. तिसऱ्या कसोटीला, १३ जानेवारी १९६७ला, इंजिनिअर यांना घेतलं. समोर हॉल, ग्रिफिथ, सोबर्स, गिब्ज. उपाहाराला खेळ थांबला तेव्हा इंजिनिअर ९४ धावांवर होते. उपाहारापूर्वीचं शतक अवघ्या सहा धावांनी हुकलं. १०९ करून ते बाद झाले आणि सहा-सात वर्षांचा वाद त्या एका सकाळी मिटला.

त्या उन्हाळ्यात इंग्लंड दौऱ्यावर दोघांना एकत्र खेळवण्याची युक्ती निघाली. इंजिनिअर यष्टीमागे आणि कुंदरन निव्वळ फलंदाज. बर्मिंगहॅमच्या कसोटीत वेगवान गोलंदाज जायबंदी होते म्हणून कुंदरन यांनी फलंदाजीची आणि गोलंदाजीची दोन्ही सुरुवात केली. काय टाकणार, असं कर्णधार पतौडींनी विचारल्यावर मलाच ठाऊक नाही असं ते म्हणाल्याची गोष्ट पुढे खूप सांगितली गेली. लोक ती हसून सांगतात. मला त्यात एका गुणी यष्टिरक्षकाची परवड दिसते. ती त्यांची अखेरची कसोटी. १८ कसोट्यांत ९८१ धावा, सरासरी ३२.७०. इंजिनिअर यांची ४६ कसोट्यांतली सरासरी ३१.०८. पुढे कुंदरन स्कॉटलंडला गेले, तिथल्या क्लबकडून आणि स्कॉटलंडच्या संघाकडून खेळले. २००६ साली ग्लासगोत त्यांचं निधन झालं.

इंजिनिअर यांच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. १९६७नंतर त्यांना पुरेशी संधी मिळाली आणि तिचं त्यांनी सोनं केलं. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन या चौघांना ते उभे राहिले. चंद्रशेखर यांचा लेगब्रेक मध्यमगती गोलंदाजाच्या वेगाने येत असे, त्याला स्टंपजवळ उभं राहणं हा अंगठे मोडून घेण्याचा उद्योग होता. तरी आकडा पाहा. ४६ कसोट्यांत ६६ झेल आणि १६ यष्टिचीत. म्हणजे ताम्हाण्यांनी २१ कसोट्यांत केले तेवढेच यष्टिचीत, दुपटीहून अधिक सामन्यांत आणि एवढ्या फिरकीसमोर. याचा काही वाटा एकनाथ सोलकरांकडे जातो, कारण फॉरवर्ड शॉर्ट लेगला सोलकर उभे असताना पुढे सरसावण्याची हिंमत फलंदाजांना होत नसे आणि जागीच बॅट-पॅडवर बाद होणं वाढलं होतं. तरीही ताम्हाणे या चौघांच्या मागे उभे राहिले असते तर, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढची मराठी जोडी किरण मोरे आणि चंद्रकांत पंडित यांची. मोरे बडोद्याचे, पंडित मुंबईचे. १९८६च्या इंग्लंड दौऱ्यात मोरे यष्टीमागे स्थिरावले आणि पंडित यांना लीड्सला फलंदाज म्हणून पदार्पण करावं लागलं. कुंदरन यांना दिलेली तीच उसनी जागा. या वेळी मात्र निवड समितीने एक धोरण धरलं. फलंदाजीत दोघांत फार अंतर नव्हतं, मग ग्लोव्हज ज्याचे सरस तो. मोरे ४९ कसोट्या खेळले, १३० बळी घेतले, म्हणजे सामन्यामागे अडीचहून जास्त. जानेवारी १९८८मध्ये मद्रासला नरेंद्र हिरवाणीने १६ बळी घेतले त्या सामन्यात मोरे यांनी सहा जणांना यष्टिचीत केलं, त्यातले पाच एकाच डावात. दुसरा कुणी यष्टीमागे असता तर हिरवाणीचे किती झाले असते? १९८७च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याला वानखेडेवरही पंडित आले ते फलंदाज म्हणूनच, यष्टीमागे मोरेच होते. राखीव माणसाच्या नशिबी असाच एखादा दिवस येतो आणि तो नेमका सगळ्यात अवघड असतो. मुंबईच्या समीर दिघे यांना तो मार्च २००१मध्ये चेन्नईला मिळाला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी पदार्पण, समोर स्टीव्ह वॉचा ऑस्ट्रेलिया, विजयासाठी १५५ धावा हव्या होत्या आणि गडी भराभर पडत होते. दिघे २२वर नाबाद राहिले, भारत दोन गड्यांनी जिंकला. एकूण सहा कसोट्या.

दिघे ज्या काळात आले तोवर जग बदललं होतं. नोव्हेंबर १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाने ३९५ बळी घेतलेल्या इयन हिलीच्या जागी ॲडम गिलख्रिस्टला आणलं. ब्रिस्बेन हे हिलीचं गाव. तिथल्या प्रेक्षकांनी नव्या माणसाची हुर्यो उडवली. गिलख्रिस्टने मग ४७.६० च्या सरासरीने धावा केल्या, आणि सातव्या क्रमांकावर अर्धा फलंदाज कुठल्याच देशाला परवडेनासा झाला. ताम्हाण्यांसारख्याला आज जिल्हा संघाच्या निवड चाचणीतही आधी विचारतील, फलंदाजीला कितव्या क्रमांकावर येतोस?

तरी वाद संपलेला नाही. वृद्धिमान साहा आणि ऋषभ पंत यांचं तेच झालं. मायदेशी वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर साहा, परदेशी पंत, अशी विभागणी काही काळ होती, आणि ती मला योग्य वाटत होती. डिसेंबर २०२०मध्ये ॲडलेडला साहा खेळले, भारत ३६ धावांत गडगडला, मेलबर्नपासून पंत आला. सिडनीत ९७, ब्रिस्बेनला नाबाद ८९. मायदेशी परतल्यावर आता काय, असा प्रश्न होता. पंतलाच ठेवलं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईच्या दुसऱ्या कसोटीत, चेंडू फुटभर वळत असताना, त्याने लॉरेन्सला अश्विनच्या आणि मोईन अलीला कुलदीपच्या गोलंदाजीवर यष्टिचीत केलं. तो प्रश्न त्या वेळी ग्लोव्हजने सुटला, आणि म्हणूनच तो निकाल मला पूर्ण मान्य आहे. साहा यांना २०२२ साली पुढे विचार होणार नाही असं सांगण्यात आलं, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं. कडू असलं तरी सांगितलं गेलं, एवढं कुंदरन यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

हा वाद कुणाला स्वतः तपासून बघायचा असेल तर कांगा लीग हे सगळ्यात चांगलं ठिकाण आहे. १९४८पासून ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात भरते. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू घोट्याला लागतो, दुसरा छातीपर्यंत उडतो. मच्छीमार नगरातून निघून कूपरेजवरून ओव्हलला चालत पोचता येतं, आणि रविवारी तिथे एकाला लागून एक सामने चालू असतात. धावफलकाकडे बघू नका. फिरकी सुरू झाली की यष्टिरक्षकाच्या मागे, सीमारेषेबाहेर उभे राहा आणि चार गोष्टी लिहून ठेवा. स्टंपजवळ उभा असताना बॅटला न लागलेले चेंडू किती आले आणि त्यातले किती स्वच्छ हातात बसले. टप्पा पडायच्या आधी तो किती वेळा उठला. लेगच्या बाजूचे किती धरले. आणि झेल वा यष्टिचीतच्या किती संधी आल्या, घेतल्या त्या आणि हुकल्या त्याही. पंचवीस-तीस षटकांत दोन्ही संघांचे यष्टिरक्षक एकाच खेळपट्टीवर, एकाच उजेडात बघून होतात. संध्याकाळी आपली वही आणि अधिकृत धावफलक शेजारी ठेवा. धावफलकात बहुधा दोघांच्या नावापुढे एखादा झेल आणि बाइजचा एक आकडा असेल. वहीत एकाचे चाळीसातले अडतीस असतील आणि दुसऱ्याचे एकोणतीस.